दक्षिण आफ्रिकेंतील वर्णभेद आणि सीमेपलीकडचे सोबती

इतिहासाच्या तासाला वरच्या इयत्तांतील विद्यार्थी कधीं कधीं एक प्रश्न विचारतात, व तो विचारण्याजोगा आहे. एखाद्या देशाचें सरकारच अन्याय करीत असेल, कायदा त्याचा, पोलीस त्याचे आणि तुरुंगही त्याचेच असतील, तर त्या देशाबाहेरच्या मनुष्यानें तेथील पीडितांस साहाय्य करावयाचें तें कसें? त्याला तेथें मत नाहीं. तेथें जाण्याची परवानगीही बहुधा मिळावयाची नाहीं. मग निषेधाचे ठराव करून टाळ्या वाजविण्यापलीकडे त्याच्या हातीं राहतें तरी काय? या प्रश्नाला नुसतें तात्त्विक उत्तर देण्यापेक्षां घडलेली हकीकत सांगणें बरें, म्हणून प्रस्तुत लेखांत आम्ही दक्षिण आफ्रिकेची हकीकत घेतली आहे. तेथील वर्णभेदाची राज्यपद्धति १९४८ पासून १९९४ पर्यंत चालली. ती मोडण्याच्या कामीं परदेशांतील पुष्कळ माणसांचे हात लागले. त्यांत मुत्सद्दी थोडे, आणि दुकानांत, गोदींत, कारखान्यांत व कॉलेजांत असणारीं साधीं माणसें फार.

प्रथम ती राज्यपद्धति कशी होती तें पाहूं. गोऱ्या लोकांचें वर्चस्व तेथें जुनेंच होतें. १९१३ च्या कायद्यानें आफ्रिकन लोकांस देशांतील शेंकडा ७ जमिनीपलीकडे कोठेंही जमीन घेण्यास मनाई झाली होती. १९३६ मध्यें ही मर्यादा शेंकडा १३ पर्यंत वाढविण्याचें ठरलें. लोकसंख्येंत तर आफ्रिकन लोकच बहुसंख्य! परंतु १९४८ च्या निवडणुकींत डॉ. मलान यांचा नॅशनल पक्ष अधिकारावर आला, आणि जें आजवर चालीरीतींनें चालत होतें त्याचें त्यानें शास्त्र बनविलें. त्या शास्त्राचें नांव 'अपार्टहाइड', म्हणजे आफ्रिकान्स भाषेंत 'वेगळेपणा'. १९५० च्या कायद्यानें प्रत्येक मनुष्याची वर्णवार नोंद झाली. नोंद करणाऱ्यास संशय आला तर केंसांत पेन्सिल खोचून ती अडकते कीं खालीं पडते हें पाहण्याचीही रीत होती, आणि अशा परीक्षांवरून एका घरचीं माणसें निरनिराळ्या वर्णांत जात. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्यानें कोणत्या वर्णाच्या माणसानें कोणत्या वस्तींत राहावें तें ठरलें. १९५३ च्या कायद्यानें बांकें, आगगाडीचे डबे व समुद्रकिनारे वेगळे झाले, आणि या वेगळ्या सोयी सारख्या दर्जाच्या असण्याची गरज नाहीं हेंही त्याच कायद्यानें सांगून टाकलें. सोळा वर्षांवरील प्रत्येक आफ्रिकन माणसानें आपला पास सदैव जवळ बाळगला पाहिजे. त्यांत फोटो, बोटांचे ठसे व मालकाची सही. पास घरीं विसरला कीं तुरुंग.

शाळेच्या वाचकांस विशेष जाणवेल असा कायदा म्हणजे १९५३ चा बांटू शिक्षणाचा. तोंवर आफ्रिकन मुलांचें बहुतेक शिक्षण मिशन शाळांत होत असे. या शाळा सरकारच्या स्वाधीन करा, नाहीं तर अनुदान सोडा, असा पेंच मिशनांपुढें पडला. मंत्री डॉ. फेर्वूर्ट यांनीं मनांतील हेतु लपविला नाहीं: गोऱ्यांच्या समाजांत ठराविक प्रकारच्या मजुरीपलीकडे आफ्रिकन मुलाला जागा नाहीं, तेव्हां त्याला तेवढ्यापुरतेंच शिकवावें, असें त्यांचें म्हणणें होतें. कांहीं शाळा स्वाधीन झाल्या, कांहीं बंद झाल्या.

बाहेरून दाब आणण्याचा एक फार जुना प्रयोग याच्याही पूर्वीं हिंदुस्थानांतून झाला होता, आणि तो करणारे गृहस्थ फर्ग्युसन कॉलेजांतील एकेकाळचे प्राध्यापक होते. नाताळ प्रांतांतील उसाचे मळे हिंदी मजुरांच्या घामावर चालत. कराराची मुदत संपूनही जो मजूर स्वतंत्रपणें तेथें राहील त्यावर वर्षाला ३ पौंडांचा कर बसे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९१० च्या फेब्रुवारींत वरिष्ठ कायदेमंडळांत ठराव आणला कीं नाताळला करारी मजूर पाठविणें बंद करण्याचा अधिकार सरकारनें घ्यावा. ठराव संमत झाला, आणि १ जुलै १९११ पासून ती भरती थांबली. नाताळच्या मळेवाल्यांस न्यायाचा उपदेश आजवर पुष्कळांनीं केला होता. येथें उपदेश नव्हता. त्यांना हवी असलेली वस्तु देण्याचें नाकारलें होतें. १९१२ मध्यें गोखले स्वतः तिकडे जाऊन आले; पुढल्या वर्षीं गांधीजींच्या नेतृत्वाखालीं मोठा सत्याग्रह झाला, आणि १९१४ मध्यें तो कर उठला.

या प्रसंगांत पुढच्या सर्व चळवळीचें बीज आहे असें आम्हांस वाटतें, पण त्याची मर्यादाही दिसते. गोखल्यांचा ठराव हिंदी मजुरांपुरता होता. ज्यांचा तो देश त्या आफ्रिकन लोकांचा त्यांत उल्लेख नव्हता. १९४६ मध्यें तेथें हिंदी लोकांच्या जमीनधारणेवर नवीन निर्बंध आले, तेव्हां हिंदुस्थान सरकारनें जुलै महिन्यांत दक्षिण आफ्रिकेशीं व्यापार बंद केला. असा व्यापार बंद करणारा हा पहिला देश. त्याच वर्षीं संयुक्त राष्ट्रांच्या सभेंत विजयालक्ष्मी पंडित यांनीं तो प्रश्न मांडला. हा आमचा घरगुती प्रश्न आहे, असा जनरल स्मट्स यांचा बचाव होता, आणि गंमत अशी कीं संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची प्रस्तावना लिहिण्यांत याच स्मट्स साहेबांचा हात होता! सभेनें ३२ विरुद्ध १५ मतांनीं त्यांचें म्हणणें अमान्य केलें. तरीही प्रश्न अजून हिंदी लोकांचाच होता. तेथील हिंदी पुढारी मात्र तोंवर एक पाऊल पुढें गेले होते: १९४७ च्या मार्चमध्यें डॉ. नायकर व डॉ. दादू यांनीं आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष डॉ. झुमा यांच्याशीं एकजुटीचा करार केला. १९५२ सालीं भारत व इतर बारा देश यांनीं मिळून अवघ्या वर्णभेदाचाच प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढें ठेविला. त्या वादांत दक्षिण आफ्रिकेचे प्रतिनिधि आमच्याकडील अस्पृश्यतेकडे बोट दाखवीत. टोमणा स्वार्थी होता. खोटा मात्र नव्हता, आणि आमच्या वाचकांनीं तो मनांत ठेवावा.

आतां लेखाच्या मुख्य माणसाकडे वळूं. नाताळमध्यें अ‍ॅडम्स कॉलेज म्हणून एक जुनी संस्था होती. ज्या अमेरिकन बोर्डानें १८१३ सालीं मुंबईस येऊन मराठी मिशनचें कार्य आरंभिलें, त्याच बोर्डाच्या मिशनऱ्यांनीं ती स्थापिली होती. म्हणजे आमच्याकडील कित्येक शाळा आणि ती शाळा या एका आईच्या लेकी म्हणावयास हरकत नाहीं. आल्बर्ट लुथुली तेथें शिकले व १९३५ पर्यंत तेथेंच शिक्षक होते. पुढें ग्रूटव्हिलच्या लोकांनीं त्यांस आपला प्रमुख निवडिलें. १९३८ मध्यें मद्रासजवळ तांबरम येथें जागतिक मिशनरी परिषद भरली, तिला ते आले होते. १९५२ सालीं सरकारनें त्यांस बजाविलें कीं काँग्रेस सोडा, नाहीं तर प्रमुखपद सोडा. त्यांनीं दोहोंपैकीं कांहींच सोडलें नाहीं; सरकारनें पद काढून घेतलें, आणि पुढच्याच महिन्यांत ते काँग्रेसचे अध्यक्ष निवडले गेले. ज्या कॉलेजांत त्यांनीं तरुणपण घालविलें तें १९५६ अखेर मिशनच्या हातून गेलें.

या लुथुलींनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५९ सालीं जगाला आवाहन केलें कीं दक्षिण आफ्रिकेचा माल घेऊं नका. याचें महत्त्व नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. बहिष्कारावर नेहमींचा आक्षेप असा असतो कीं निषेध करणाऱ्या परदेशीयाचें कांहींच जात नाहीं. जाते ती बागेंतील काळ्या मजुराची रोजी. आक्षेप क्षुल्लक नाहीं. मजुराच्या वतीनें दुसऱ्यानेंच त्याग करून टाकावा याला सौजन्य म्हणतां येत नाहीं. लुथुलींनीं त्याचें उत्तर अगोदरच दिलें. बहिष्काराची झळ आमच्याच लोकांस प्रथम लागेल हें आम्ही जाणतों, असें ते म्हणाले. पण आमचे हाल नवे नाहींत, आणि याच्या योगें रक्तपाताचा दिवस टळत असेल तर ही किंमत आम्ही देऊं. ज्याच्या पोटावर पाय येणार त्यानेंच 'घेऊं नका' म्हटलें, आणि तेव्हांपासून परक्याच्या कृतीला अधिकार आला. आमच्या मतें सर्व चळवळीचा पाया हाच.

२६ जून १९५९ रोजीं लंडनमध्यें बहिष्काराची पहिली सभा भरली. टांगानिकाचे ज्यूलियस न्यरेरे व पाद्री ट्रेव्हर हडलस्टन हे तिचे प्रमुख वक्ते होते. हडलस्टन जोहान्सबर्गच्या सोफियाटाउन वस्तींत बारा वर्षें राहिले होते; १९५५ मध्यें सरकारनें ती वस्ती पोलिसांच्या पहाऱ्यांत उठविण्यास आरंभ केला, तेव्हां ते रहिवाशांच्या बाजूनें उभे होते. सभेनें लोकांस सांगितलें एवढेंच कीं बाजारांत गेल्यावर संत्रें कोठचें आहे तें विचारा. मार्च १९६० हा बहिष्काराचा महिना ठरला. आणि त्याच महिन्याच्या २१ तारखेस शार्पव्हिल गांवीं, पास न घेतां पोलीस ठाण्यापुढें जमलेल्या निःशस्त्र जमावावर पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. ६९ माणसें मेलीं, त्यांतील कित्येकांच्या पाठींत गोळ्या होत्या. लंडनची ती समिति त्या वर्षीं वर्णभेदविरोधी चळवळ म्हणून कायमची उभी राहिली. आफ्रिकन काँग्रेस बेकायदा ठरली. लुथुलींस शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें, तें घेण्यापुरती त्यांची स्थानबद्धता शिथिल झाली, व परत येतांच पुन्हां आवळली.

संयुक्त राष्ट्रांच्या ठरावांचा इतिहास लांबलचक आहे. येथें दोनच तारखा देतों. १९६२ च्या नोव्हेंबरांत साधारण सभेनें सर्व देशांस दक्षिण आफ्रिकेशीं संबंध तोडण्याची विनंती केली व एक खास समिति नेमली. ४ नोव्हेंबर १९७७ रोजीं सुरक्षा समितीनें शस्त्रास्त्रें विकण्यावर सर्वांस बंधनकारक मनाई केली. या दोन तारखांमध्यें पंधरा वर्षें गेलीं, कारण मोठीं व्यापारी राष्ट्रें मागें ओढीत होतीं. त्या खास समितीचें कामकाज आरंभापासून ज्यांनीं वाहिलें ते चिटणीस एनुगा श्रीनिवासुलु रेड्डी हे नेल्लोर जिल्ह्यांतील होते. आपल्याकडे त्यांचें नांव फारसें कोणास माहीत नाहीं. दक्षिण आफ्रिकेनें मात्र त्यांचा राष्ट्रीय सन्मान केला.

ठरावांपेक्षां आम्हांस एका टपालाची गोष्ट अधिक सांगावीशी वाटते. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचे कॅनन जॉन कॉलिन्स यांनीं दक्षिण आफ्रिकेंतील राजकीय कैद्यांसाठीं निधि उभारला होता. १९५६ च्या डिसेंबरांत लुथुलींसह १५६ जणांवर राजद्रोहाचा खटला झाला, त्यांच्या वकिलांचा खर्च व घरच्यांचा निर्वाह या निधींतून चालला. चार वर्षांवर खटला चालून अखेर सर्व सुटले. १९६६ मध्यें सरकारनें निधि बेकायदा ठरविला. त्याचा पैसा घेणारा तुरुंगांत जाणार. तेव्हां लंडनच्या कचेरीनें एक युक्ति काढली. वकिलांची फी इतर प्रतिष्ठित संस्थांच्या व वकिलांच्या नांवें जाऊं लागली, आणि कैद्यांच्या कुटुंबांस पैसा पोंचविण्याचें काम घरोघरच्या साध्या लोकांवर सोपविलें. इंग्लंडांतील व इतर देशांतील एखादी गृहिणी, एखादा निवृत्त शिक्षक, यांस एका कैद्याच्या बायकोचा पत्ता मिळे. ठराविक मुदतीनें कचेरीकडून त्यांच्याकडे रक्कम येई. ती त्यांनीं आपली म्हणून टपालानें पाठवावयाची व सोबत एक स्नेहाचें पत्र लिहावयाचें. निधीचें नांव नाहीं, राजकारणाचा शब्द नाहीं. मुलें कशीं आहेत, थंडी किती आहे, शाळेची फी भरली का, एवढेंच. उत्तर आलें म्हणजे तें लंडनला कळवावयाचें, म्हणजे पैसे पोंचले हें कळे. पंचवीस वर्षें हें चाललें. पत्र लिहिणाऱ्यांनीं त्या बाईचें तोंड पाहिलें नव्हतें. पैसा कोठून येतो हें तिलाही ठाऊक नव्हतें. पोलिसांनीं शोध करकरून निधि बंद पाडतां आला नाहीं. १९९१ मध्यें त्याची गरज संपली, तेव्हांच ही व्यवस्था उजेडांत आली. या माणसांचीं नांवें कोणत्याही इतिहासांत नाहींत, आणि असतीं तर काम झालेंच नसतें.

वर पासांतील फोटोचा उल्लेख आला आहे. अमेरिकेंत पोलरॉइड नांवाची कंपनी झटपट फोटो निघणारे कॅमेरे करी. १९७० सालीं तेथें नोकरींत असलेल्या कॅरोलाइन हंटर या रसायनशास्त्रज्ञ बाई व केन विल्यम्स हे छायाचित्रकार, दोघेही कृष्णवर्णीय, यांच्या ध्यानांत आलें कीं दक्षिण आफ्रिकेंतील पासांचे फोटो आपल्याच कंपनीच्या साधनांनीं काढले जातात. ज्या वस्तूला दिवसभर आपला हात लागतो ती वस्तु दुसऱ्याच्या गळ्यांतील दोर होते, हें कळल्यावर त्यांना गप्प बसवलें नाहीं. त्यांनीं पत्रकें लाविलीं, सभा घेतल्या, कंपनीच्या मालावर बहिष्काराची हांक दिली. दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. कंपनीनें प्रथम मध्यम मार्ग काढला: धंदा चालूं ठेवावा, पण सरकारला माल विकूं नये. १९७७ मध्यें उघड झालें कीं तेथील अडत्या सरकारला चोरून माल देतच होता, आणि मग कंपनीनें त्या देशांतून अंग काढून घेतलें. दोघांच्या कृतीला फळ येण्यास सात वर्षें लागलीं.

खेळाच्या बाबतींत आमचे विद्यार्थी आमच्यापेक्षां अधिक जाणते आहेत, म्हणून थोडक्यांत सांगतों. १९६४ पासून दक्षिण आफ्रिकेला ऑलिंपिकचे दरवाजे बंद झाले. १९६८ मध्यें केपटाउनचे मिश्रवर्णीय क्रिकेटपटु बॅसिल डॉलिव्हेरा, जे मायदेशीं जागा नाहीं म्हणून इंग्लंडांत जाऊन खेळले, त्यांनीं ओव्हलवर १५८ धावा काढल्या. तरी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यासाठीं निवडलेल्या इंग्लंडच्या संघांत त्यांचें नांव नव्हतें. पुढें एक खेळाडू जायबंदी झाल्यानें त्यांस घेतलें, तों पंतप्रधान फोर्स्टर यांनीं असा संघ आम्ही घेणार नाहीं म्हणून सांगितलें, व दौराच रद्द झाला. भारताचाही एक प्रसंग आहे. १९७४ मध्यें आपला टेनिसचा संघ, विजय व आनंद अमृतराज हे बंधु त्यांत होते, डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीला पोंचला. समोर दक्षिण आफ्रिका. भारतानें खेळण्याचें नाकारलें, आणि चषक न खेळतां दक्षिण आफ्रिकेला गेला. खेळाडूंचें तारुण्य थोडें असतें. देशानें घेतलेल्या निर्णयाची किंमत त्या तरुणांनीं भरली हें विसरतां कामा नये.

अशीच किंमत डब्लिनच्या एका मुलीनें स्वतः होऊन भरली. १९ जुलै १९८४ रोजीं तेथील डन्स स्टोअर्स या मोठ्या दुकानांत गल्ल्यावर बसलेल्या मेरी मॅनिंग हिच्यापुढें एका गिऱ्हाइकानें दक्षिण आफ्रिकेचीं दोन ग्रेपफ्रूट ठेविलीं. पपनसाच्या जातीचें हें फळ. अशा मालाची विक्री नोंदवूं नये असा त्यांच्या कामगार संघाचा ठराव होता. ती २१ वर्षांची होती, आणि दक्षिण आफ्रिकेविषयीं तिला त्या दिवशीं फारसें ठाऊक नव्हतें, असें तिनेंच पुढें सांगितलें आहे. तिनें नम्रपणें नाहीं म्हटलें. मालकांनीं तिला कामावरून दूर केलें, तेव्हां तिच्याबरोबर कांहीं सहकारिणी बाहेर पडल्या. मिळून संपकरी दहा-अकराच. आठवड्याला २१ पौंड संपभत्त्यावर त्यांनीं दुकानाच्या दारांत पहारा धरिला. जातायेतां लोक शिव्या देत. कित्येक दिवस विचारपूस करणारेंही कोणी नसे. पुढें निम्रॉड सेजाके नांवाचे दक्षिण आफ्रिकेंतून परागंदा झालेले एक वृद्ध कामगार पुढारी येऊन त्यांच्यांत उभे राहूं लागले, आणि त्या फुटपाथावरच या मुलींची खरी शाळा भरली. डिसेंबरांत बिशप डेसमंड टुटू नोबेल पारितोषिक घ्यावयास निघाले असतां वाटेंत लंडनला त्यांस भेटले. मग वर्तमानपत्रांस जाग आली. संप दोन वर्षें नऊ महिने चालला. १९८७ मध्यें आयरिश सरकारनें दक्षिण आफ्रिकेच्या फळभाज्यांची आयात बंद केली. दोन फळांवरून एवढें! पण मॅनिंगच्या जागीं दुसरें कोणी असतें तर फळें पिशवींत जाऊन दिवस सरला असता.

बहिष्कारास विरोध करणारे सर्वच दुष्ट नव्हते. इंग्लंडच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचा विरोध प्रसिद्ध आहे. परंतु केपटाउनच्या पार्लमेंटांत वर्णभेदाविरुद्ध वर्षानुवर्षें एकट्यानें झगडलेल्या हेलन सुझमन याही आर्थिक बहिष्काराच्या विरुद्ध होत्या. धंदे वाढले कीं वर्णभेद आपोआप गळून पडेल, असें पुष्कळांचें मत होतें. अमेरिकेंतील पाद्री लिऑन सलिव्हन यांनीं १९७७ मध्यें तेथील अमेरिकन कारखान्यांसाठीं समान वेतन, समान जेवणघर वगैरे नियम घालून दिले. दहा वर्षें वाट पाहून १९८७ मध्यें त्यांनींच सांगितलें कीं एवढ्यानें राज्यपद्धति हलली नाहीं, आतां कंपन्यांनीं निघून यावें. शिवाय बंदी चुकविणारे होतेच. तेलाची बंदी होती, तर त्या सरकारनें चढ्या किंमतीला चोरवाटेचें तेल घेतलें, आणि कोळशापासून तेल काढण्याचे प्रचंड कारखाने उभारले. बहिष्कारानें तें सरकार उपाशी मेलें नाहीं. प्रत्येक गोष्ट त्याला महाग पडूं लागली, हें खरें.

आणि हा महागपणा असह्य कधीं झाला? देशांतील लोक उठले तेव्हां. १६ जून १९७६ रोजीं सोवेटोंतील शाळकरी मुलें, आफ्रिकान्स भाषेंतून शिकविण्याच्या सक्तीविरुद्ध मोर्चानें निघालीं व त्यांच्यावर गोळीबार झाला. १९८४ पासून तर वस्त्यावस्त्यांत भाडेबंदी, संप व गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार सुरू झाला. २० जुलै १९८५ रोजीं अध्यक्ष बोथा यांनीं आणीबाणी पुकारली. त्याच महिन्याच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या चेस मॅनहॅटन बँकेनें मुदत भरलेलीं कर्जें पुढें चालविण्याचें नाकारलें. इतर बँका मागोमाग गेल्या, चलन कोसळलें, आणि १ सप्टेंबरला सरकारला परदेशी कर्जाची फेड थांबविल्याचें जाहीर करावें लागलें. बँकेला कळवळा आला होता असें कोणी समजूं नये. तिनें हिशेब केला: तिकडे वस्त्या पेटलेल्या, इकडे अमेरिकेंत विद्यार्थी कॉलेजांच्या पटांगणांत पत्र्याच्या झोपड्या बांधून बसलेले, आणि ठेवीदार विचारणा करणारे. धोका मोठा, नफा थोडा. एकटा बहिष्कार बँकेस हलविता ना, एकटा उठाव हलविता ना. पुढल्या वर्षीं अमेरिकेच्या काँग्रेसनें अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून निर्बंधांचा कायदा केला. ब्रिटिश विद्यार्थ्यांनीं ज्या बार्कलेज बँकेंतून वर्षानुवर्षें खातीं काढून घेतलीं होतीं तिनेंही त्याच वर्षीं दक्षिण आफ्रिकेंतील आपला धंदा विकला.

२ फेब्रुवारी १९९० रोजीं अध्यक्ष डी क्लर्क यांनीं आफ्रिकन काँग्रेसवरील बंदी उठविली, ११ तारखेस नेल्सन मंडेला सत्तावीस वर्षांनीं तुरुंगांतून बाहेर आले. रशियाचें साम्यवादी राज्य खचत होतें, त्यामुळें साम्यवादाचें भय दाखविण्याची सोयही तेव्हां संपली होती. तेंही एक कारण होय. १९९१ च्या १० नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट संघ परत खेळूं लागला तो कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर. १९४६ मध्यें घातलेली व्यापारबंदी भारतानें १९९३ मध्यें उठविली. २७ एप्रिल १९९४ पासून सर्व वर्णांचे लोक प्रथमच एका रांगेंत उभे राहून मत देऊं लागले.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. लंडन, डब्लिन, न्यूयॉर्क यांचीं नांवें पुस्तकांत ठळक येतात. परंतु सर्वांत जड भार शेजारच्या गरीब आफ्रिकन देशांनीं उचलला. परागंदा लोकांस त्यांनीं आसरा दिला, आणि त्याबद्दल दक्षिण आफ्रिकेच्या सैन्यानें त्यांच्या हद्दींत घुसून माणसें मारलीं. ९ डिसेंबर १९८२ च्या रात्रीं लेसोथोच्या मासेरू शहरीं ४२ जण मेले, त्यांतील बारा लेसोथोचेच होते. टांझानिया त्याहून दूर, पण दारिद्र्यांत कमी नव्हे. सोवेटोच्या गोळीबारानंतर शेंकडों मुलें शाळा सोडून सीमेपार गेलीं, तेव्हां टांझानिया सरकारनें १९७७ मध्यें मोरोगोरोजवळ माझिम्बू येथील घायपाताच्या मळ्याची पडीक जागा त्यांस दिली. स्वीडन, नॉर्वे इत्यादि देशांनीं पैसा व माणसें दिलीं, आणि तेथें एक शाळा उभी राहिली. २२ वर्षांचा सॉलोमन महलांगु १९७९ सालीं फांशीं गेला, त्याचें नांव तिला दिलें. १९९२ मध्यें मुलें मायदेशीं निघालीं, त्या वेळीं वर्ग, वसतिगृहें, शेतें व दवाखाना हें सर्व टांझानियाच्या स्वाधीन करण्यांत आलें. जे परत जाऊं शकले नाहींत त्यांच्या कबरी तेथेंच आहेत. त्या इमारतींत आतां टांझानियाच्या कृषि विद्यापीठाचें एक आवार असून, महलांगूचें नांव त्याला कायम ठेविलें आहे.